तीन बोटांचं वर्तुळ

फाल्गुनातल्या दिवसांत पाचच्या सुमारास आमच्या रहाटणीच्या हॉलमध्ये पश्चिमेच्या झडपांतून ऊन उतरतं आणि निळ्या गाद्यांवर तिरके पट्टे ओढत सावकाश पूर्वेच्या भिंतीकडे सरकत राहतं. हाताला लावायची पांढरी भुकटी त्या उन्हात तरंगताना दिसली, की मला ऋतुजाचे हात दिसतात. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे, त्यांवर हलकी फुंकर घालायची आणि जमिनीवर टेकवण्याआधी क्षणभर ते उन्हात उताणे धरायचे, ही तिची रीत. फुंकरीची खरं तर काही गरज नसे. उडालेली भुकटी प्रकाशात कशी विरते, हे पाहायला तिला आवडत असावं, असा माझा तर्क. मी तिला कधी विचारलं नाही. जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्याला पाहायची सवय लागते, आणि पाहता पाहता विचारायची सुटते.

बावीस वर्षं मी या हॉलमध्ये मुलांना शिकवते आहे. येणारी मुलं पाच-सहा वर्षांची असतात, त्यांची हाडं अजून ओल्या फांदीसारखी वाकणारी असतात, आणि त्यांच्या आया बाहेरच्या बाकांवर ऑफिसचे फोन घेत बसलेल्या असतात. ऋतुजा पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आमच्या खेळात ते वय मावळतीचं. ढगळ ट्रॅक पँट, गुडघ्यांवर घासून पातळ झालेलं कापड, केसांची घट्ट वेणी. मुलांचा तास संपेपर्यंत ती दाराशी उभी राहिली आणि मग सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाली,

"मॅडम, माझी फ्लेअर नीट करून द्या."

"हा काय ब्लाऊज आहे, नीट करून द्यायला?"

ती हसली नाही. "न्हाई. पण तुमी पोरांना शिकवता ते आमी काचेतनं बघितलंय. आमी फिरतो, पन मागं बसतो."

तिच्या या एका वाक्यात तिचा सगळा दोष तिने स्वतःच सांगून टाकला होता. ज्याला आपली चूक इतक्या थोड्या शब्दांत सांगता येते, त्याला शिकवणं सोपं जाईल असं मला वाटलं. तो माझा पहिला चुकीचा अंदाज.

फ्लेअर म्हणजे काय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं. दोन्ही तळहातांवर सारा देह पेलायचा, पाय शक्य तितके फाकवायचे आणि ते जमिनीला कुठेही न टेकवता देहाभोवती गोल फिरवायचे. पाय ज्या बाजूने येतील त्या बाजूचा हात उचलून त्यांना वाट द्यायची, ते पुढे सरकले की तो हात पुन्हा टेकवायचा. निम्म्या फेरीत छाती जमिनीकडे असते, ते बरं. उरलेल्या निम्म्या फेरीत पाय समोर येतात, पाठ जमिनीकडे होते, हात मागे पडतात, आणि तिथे कंबर खाली लोंबू लागते. कंबर लोंबली की वेग मरतो, वेग मेला की माणूस बसतो. मागं बसणं म्हणजे हेच. पाहणाऱ्याला पाय फिरताना दिसतात. करणाऱ्याला ठाऊक असतं की प्रवास पायांचा नाही, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर अखंड चाललेल्या भाराचा आहे.

ऋतुजा आळंदीजवळच्या चऱ्होलीची. घरची थोडी शेती उरलेली, तिच्या तिन्ही बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिलेल्या. गोठ्यात चार म्हशी, आणि वडील रोज सकाळी त्याच इमारतींच्या दारोदार दूध घालणारे. त्यांना सगळे आबा म्हणत. मुलगी डिप्लोमाला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जात होती आणि तिथल्याच कुणा मैत्रिणीच्या नादाने काळेवाडीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये ब्रेकडान्स शिकत होती. पार्किंगच्या त्या गुळगुळीत फरशीवर ती पोरं एकमेकांचं पाहून पाहून शिकत, पडत, पुन्हा फिरत. त्यांच्यात शिकवणारा असा कुणी नव्हता. म्हणूनच ती माझ्याकडे आली होती.

तिच्या चऱ्होलीच्या बोलीत आणि तिच्या शरीरात एक साम्य होतं. दोन्हींत आडपडदा नव्हता. ती पडली की पूर्ण पडे, अवघडल्यासारखी हात पुढे करून सावरत नसे. आणि दुखलं तर दुखलं म्हणे. मी छताच्या तुळईला दोरीने बादली टांगून तिचे पाय तिच्यात ठेवायला लावले. पायांचा भार बादलीने घ्यायचा आणि तिने फक्त हातांवर चालत वर्तुळ पुरं करायचं, म्हणजे खांद्यांना कळतं की पाय पूर्वेला असताना आपण पश्चिमेला कलायचं असतं. कंटाळवाणा सराव आहे. लहान मुलं दहा मिनिटांत रडकुंडीला येतात. ती तासभर त्या बादलीभोवती फिरत राही, दोरी कुरकुरत राही, आणि मी तिच्या पाठीमागे उभी राहून तेच दोन शब्द म्हणत राही: "कंबर वर. कंबर वर."

आमचं एकमत मात्र कधी झालं नाही. मला गुडघे ताठ हवे असत, पायांची बोटं टोकदार हवी असत, आणि फेरी कुठून सुरू झाली, कुठे संपली हे ओळखूही येऊ नये इतकी सलग गती हवी असे. माझ्या खेळात प्रयत्न दिसला तर गुण कापतात. तिच्या नाचात प्रयत्न लपवणारा माणूस अप्रामाणिक ठरतो.

"मॅडम, तुमची फ्लेअर दिसायला लई भारी," ती एकदा गादीवर आडवी पडून धापा टाकत म्हणाली, "पन तिच्यात ठोका न्हाई."

"ठोका नसतोच. तो दोष आहे."

"मंग नाचायचं कशावर?"

मी तिला म्हटलं, आधी मागं बसायचं थांबव, मग ठोक्याचं बघू. दोन वर्षं अशी गेली. दोन फेऱ्यांच्या चार झाल्या, चाराच्या सहा. पाय उघडे राहू लागले, गुडघे ताठ झाले, हात वेळेवर पडू लागले. तरी प्रत्येक फेरीत, पाठ जमिनीकडे होई त्या क्षणी, डाव्या हातावर भार येताच तिची कंबर चार बोटं खाली जाई. बाकीच्यांना ते दिसलंही नसतं. ती हाताच्या पंजाने जमीन घट्ट धरून तो तोल वेळेवर सावरून घेई आणि पुढे निघून जाई. चूक होई आणि त्याच क्षणी झाकली जाई. मला वाटे, एवढं कुणाचं राहत नाही? राहू द्यावं.

डिप्लोमा झाल्यावर ती चाकणला एका वर्कशॉपमध्ये लागली. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहान लहान भाग तिथे प्रेसखाली दाबून काढत. सकाळची शिफ्ट करून ती कंपनीच्या बसने नाशिक फाट्याला उतरे आणि तिथून हॉलवर येई. तिच्याबरोबर ऑइलचा एक जड, लोखंडी वास येई. कपडे बदलून, हात दोनदा साबणाने धुऊन, मग भुकटी लावून ती गादीवर उतरे. दिवसभर उभं राहिल्याने पोटऱ्या ताठरलेल्या असत. ती त्याबद्दल काही बोलत नसे. ओव्हरटाइम असला की येत नसे, आणि दुसऱ्या दिवशी न आल्याचं कारणही सांगत नसे. मला हे बरं वाटे. कारणं सांगणारे विद्यार्थी मला आवडत नाहीत.

भाद्रपदात एका सकाळी मुलांचा तास चालू असताना आबा हॉलच्या दाराशी आले. स्कूटरला दुधाच्या रिकाम्या किटल्या तशाच लटकत होत्या. मी त्यांना आधी दोनदाच पाहिलं होतं. चपला बाहेर काढून ते आत आले, गादीच्या कडेशी थांबले, आणि म्हणाले,

"मॅडम, ऋतुजाचा हात मशीनमधी गेला."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कोणता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न कळला नाही; किंवा कळला, आणि मला मुलीआधी तिच्या फ्लेअरची काळजी आहे, असा कळला. "डावा," ते म्हणाले. "करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट. मदल्या पेरापासनं. बाकीचा हात शाबूत हाय म्हणतेत डॉक्टर."

नंतर कळलं की आत हात असताना मशीन आपोआप थांबावी म्हणून जी सोय असते, ती कामाचा वेग वाढावा म्हणून बंद ठेवलेली होती. तिथल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, तिलाही होतं. चाकणच्या त्या पट्ट्यात अशा हातांची माणसं चहाच्या टपरीवर उभी असतात आणि पेला उरलेल्या बोटांत धरून बोलत असतात. येणारे-जाणारे वळूनही पाहत नाहीत. मीही इतकी वर्षं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात गेले. डावा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता आणि उशीवर उंच ठेवलेला होता. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. खिडकीबाहेर पाऊस येऊन गेल्यानंतरचं ते पिवळसर, ओलसर ऊन होतं, ज्यात सगळ्या वस्तू जरा जास्तच स्पष्ट दिसतात. तिची आई डबा घेऊन बाहेर गेली तेव्हा ऋतुजा मला म्हणाली,

"मॅडम, कधीपासनं येऊ?"

मी तिचा उजवा हात हातात घेतला. तेवढं मी नीट केलं. मग म्हणाले, "ऋतुजा, फ्लेअर आता विसरायची. आपण दुसरं काहीतरी बघू."

तिने खिडकीकडे मान वळवली. तिकडेच पाहत म्हणाली, "बरं."

मी तिला जपत होते असं मला म्हणता आलं असतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मी एकवीस वर्षांची असताना माझं मनगट मोडलं होतं, आणि ते सांधल्यावर माझ्या प्रशिक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला "पुरे झालं आता" असं सांगितलं होतं. मीही "बरं" म्हणाले होते. त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य, नोकरी, हा हॉल, ही शिट्टी, त्या एका होकारावर उभं आहे. हॉस्पिटलातून रिक्षाने परतताना मला हे सगळं सुचलं नाही. तेव्हा मला फक्त एक कर्तव्य पार पडल्याचं समाधान वाटलं होतं. सुचलं ते पुढे, एकेक करून, भलत्याच वेळी.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, हॉलच्या पत्र्यांवरून थंडी सरकत गेली. ती आली नाही. मी फोन केला नाही. मनाशी म्हटलं, तिची तब्येत सुधारू दे. माघात एका शनिवारी आबा पुन्हा आले.

"मॅडम, उद्या जरा घरी या. ती गच्चीवर काय करती ते एकदा बघा. तिच्या आईला जेवण जात न्हाई. आमचं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल."

"काय करते?"

"आता काय सांगू? तुमीच बघा आन् तुमीच तिला थांबवा."

रविवारी सकाळी नऊला मी चऱ्होलीला पोचले. गोठ्यापाशी शेणाचा आणि ओल्या गवताचा उबदार वास होता. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतलेलं ऊन त्यांच्या अंगणात पडलं होतं, म्हणजे त्या घराला सकाळी दोन सूर्य लागत. आबांनी मला जिन्याने वर नेलं आणि गच्चीच्या दारात हाताने थांबवलं.

पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला दोरी बांधून तिने एक घमेलं टांगलं होतं. घमेल्यात जुनी गोधडी दुमडून ठेवलेली, तिच्यावर दोन्ही पाय. आणि ऋतुजा हातांवर चालत त्याच्याभोवती वर्तुळ काढत होती. उजवा हात पडे तो नेहमीसारखा. डावा पडे, आणि सगळं अंग थरथरे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. उरलेल्या दोन बोटांच्या जागी गुलाबी, चकचकीत, अजून कोवळी अशी कातडी. पाठ जमिनीकडे होताच, जिथे ती नेहमी पंजाने जमीन धरून तोल सावरी तिथे धरायला आता काही नव्हतं, आणि ती बाहेरच्या बाजूला कोसळे. उठे. घमेलं स्थिर करी. पुन्हा.

मी आणि आबा किती वेळ उभे होतो ठाऊक नाही. ती सात वेळा पडली, हे मी मोजलं. आठव्या वेळी ती फिरू लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"हात अजून बाहेर वळव."

तिने मान वळवली नाही. जणू मी पाच महिन्यांपूर्वीच्याच तासाला मागे उभी होते. "दुखतं तसं," ती म्हणाली.

"कुठं?"

"कडंला. टाके व्हते तिथं."

"म्हणूनच बाहेर वळव. अंगठा पुढे येऊ दे, भार तळव्याच्या मनगटाजवळच्या उंचवट्यावर घे. कडेवर घेऊच नकोस."

तिने हात वळवला. फिरली. पडली, पण उशिरा पडली.

"मॅडम," आबा हळूच म्हणाले, "मी तुमाला थांबवायला आणलं व्हतं."

"हो," मी म्हणाले.

मग ते म्हशींची धार काढायची राहिली आहे असं काहीतरी पुटपुटत खाली गेले. धार पहाटेच निघालेली असणार, हे त्या गच्चीवर आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतर ती हॉलवर येऊ लागली. आधीच्या दोन वर्षांत मी जे शिकवलं होतं ते आता अपुरं होतं, आणि मला ते मान्य करायला जड गेलं. मी तिला सुचवलं, उलट दिशेने फिरायला शीक, म्हणजे अवघड निम्मी फेरी उजव्या हाताकडे जाईल. तिने आठवडाभर करून पाहिलं. डाव्या हाताने लिहायला बसलेल्या माणसासारखे तिचे पाय वेडेवाकडे पडत.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "हे दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं."

मी आग्रह धरला नाही. तिच्या पाठीमागे बसून नुसती पाहत राहिले, आणि पाहता पाहता जे इतकी वर्षं शिकवत होते तेच मला नव्याने कळलं. खांदा तळव्याच्या नेमका वर असेल तर बोटांना काम उरत नाही. बोटं लागतात ती खांदा चुकल्यावर. ती चूक झाकायला असतात. ऋतुजाला आता झाकायची सोय उरली नव्हती. तिला चूकच न करता फिरायचं होतं. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने डावा हात डोळ्यांसमोर धरून निरखून पाहिला, दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे पाहावं तसा. "बरं," ती म्हणाली. या वेळच्या "बरं"चा अर्थ मला ठाऊक होता.

चैत्र, वैशाख. पत्रे तापत, गाद्यांना रबरी वास येई, पंखे गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलत. ती एका फेरीवर अडून बसली. एक फेरी, फक्त एक, पण तिच्यात कंबर खाली जाता कामा नये. आम्ही दोघी ती एक फेरी दिवसाला चाळीस वेळा करत होतो. ती करे आणि मी "नाही" म्हणे. वैशाखाच्या अखेरीस एका दिवशी मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. तिची पाठ जमिनीकडे झाली होती, भार डाव्या तळव्यावर आला होता, आणि कंबर जिथल्या तिथे, पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखी, राहिली होती. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं ऐकून तिने दुसरी फेरी घेतली.

पावसाच्या आधीच्या रविवारी काळेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात त्या पोरांची आपापसातली स्पर्धा होती. सकाळी अकराला मी तिथे गेले. भिंतीला आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. मध्ये लिनोलियमच्या गुळगुळीत चटईचा तुकडा अंथरलेला, भोवती कोंडाळं करून उभी पोरं, आणि स्पीकरमधून येणारं ते संगीत, ज्याच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या छातीतलं काहीतरी हलत होतं. आबा एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आम्ही एकमेकांना मान हलवली.

तिच्यासमोर पिंपळे सौदागरचा एक मुलगा होता, वीस-एकवीसचा, हलका, वाऱ्यासारखा. तो आठ फेऱ्या फिरला. पोरं ओरडत होती, "नाद नाय करायचा, भावा!" मग ऋतुजा मध्ये आली. पायांनी थोडं नाचली, ठोक्यावर खाली उतरली, दोन्ही तळवे टेकवले, आणि पाय उचलले गेले.

तीन फेऱ्या. तिच्या पूर्वीच्या सहाच्या निम्म्या. गुडघे माझ्या डोळ्यांना हवे तितके ताठ नव्हते, पायाची बोटंही टोकदार नव्हती. आणि प्रत्येक वेळी डावा हात पडे तो नेमका ठोक्यावर पडे, की ठोकाच तिच्या हातातून निघत होता, हे मला सांगता आलं नसतं. पाठ जमिनीकडे झाली की मी श्वास धरे. तीनही वेळा तो धरणं व्यर्थ गेलं. तिसऱ्या फेरीनंतर ती आपणहून पाय टेकवून उभी राहिली. परीक्षकांनी त्या मुलाकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं ते. ऋतुजाने डाव्या हाताची मूठ त्याच्या मुठीला टेकवली आणि ती सरळ आमच्या खुर्च्यांकडे चालत आली.

"मागं बसले का?"

"नाही," मी म्हणाले.

"एकदाबी?"

"एकदाही नाही."

ती खाली फरशीवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. आबांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. त्यांनी मला विचारलं, "म्हंजी पोरगी हारली ना?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मंग रडती कशापाई ते मला कळंना. हारल्याचं रडणं न्हाई हे."

त्यानंतर दीडेक वर्ष ती येत राहिली. चाकणचं काम तिने सोडलं आणि दुसऱ्या एका कारखान्यात तयार भाग तपासायच्या कामाला लागली, जिथे हात मशीनपासून दूर राहतात आणि डोळे जवळ. पुढे त्या कारखान्याची नवी शाखा गुजरातेत साणंदला निघाली आणि तिला तिकडे पाठवायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ती हॉलवर आली ती स्टीलच्या डब्यात खरवस घेऊन. त्यांची एक म्हैस नुकतीच व्यायली होती. मुलांचा तास संपला होता. आम्ही गादीच्या कडेला बसून एकाच चमच्याने तो खाल्ला. वेलदोडा जरा जास्त झाला होता.

तेव्हा मी विषय काढला. इतक्या वर्षांत न बोललेल्या असंख्य गोष्टींपैकी ती एक मला गिळता आली नाही. "हॉस्पिटलात मी तुला जे म्हणाले होते," मी म्हणाले, "ते मी म्हणायला नको होतं."

"काय म्हणाला व्हता?"

"फ्लेअर विसर, म्हणाले होते."

तिने चमचा डब्यात ठेवला. "मला आठवतच न्हाई मॅडम. औषधाची गुंगी व्हती. तुमी आल्यालं आठवतं. हात धरल्याला आठवतो. बाकी काय न्हाई."

"मग इतके महिने आली का नाहीस?"

"जखम भरायची व्हती," ती म्हणाली. "आन् पडताना कुणी बघू नये वाटायचं."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. देहातली चार बोटांची घसरण मला दुरून दिसते. तिच्या त्या उत्तरात खरं किती आणि मला दिलेली सूट किती, हे मला इतक्या जवळून दिसलं नाही. तिने डबा धुऊन आणला, पिशवीत ठेवला, वाकून नमस्कार केला आणि नाशिक फाट्याच्या बाजूला चालत गेली.

तिला जाऊन आता दोन उन्हाळे झाले. कधीमधी आबा भेटतात, ती बरी आहे म्हणतात, तिथलं पाणी तिला मानवत नाही म्हणतात. ती अजून फिरते का, हे त्यांना माहीत नसतं आणि मीही विचारत नाही. मला मात्र ते हॉस्पिटल, ते ओलं पिवळं ऊन आणि माझं ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, आणि जिने ते ऐकलं तिला ते आठवत नाही, निदान ती तसं म्हणते. एकच क्षण दोघींनी जगावा आणि काळाने तो दोघींत वाटून न देता सगळाच्या सगळा एकीच्या ओंजळीत ठेवावा, दुसरीला मोकळ्या हातांनी पुढे जाऊ द्यावं. मोकळी झालेली दूर निघून जाते. उरलेलीला तो क्षण कुठे ठेवावा ते कळत नाही, आणि तिच्या या मागे राहून जाण्यालाच बहुधा आठवण म्हणत असावेत.